इंजिन उतरवण्याआधी ती वही उघडा

पत्र थोडक्यात असं: कोथरूडच्या एका वाचकाच्या घरी वडिलांनी १९८६ साली घेतलेली पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडर आहे. गाडी चालती आहे. वडील आता ७८ वर्षांचे आहेत. ते स्वतः चालवत नाहीत, पण शेजारच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. दर दिवाळीला सगळं घर याच गाडीने वाईजवळच्या मूळ गावी जातं. गेल्या वर्षी खंबाटकी चढून वर चहाला थांबले, तेव्हा आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. आता तो शहरात सिग्नललाही लुकलुकतो, इंजिन थंड असताना मात्र नाही. नेहमीचे मिस्त्री म्हणाले, "कॅम बुश गेले. इंजिन न उतरवता, पुढून कॅमशाफ्ट ओढून बदलून देतो. ४ दिवस, १४,००० रुपये." (कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि बुश म्हणजे तो ज्यांत फिरतो ती कडी.) दुसऱ्या गॅरेजने सांगितलं की इंजिन खाली घेतल्याशिवाय हात लावणार नाही, आणि पूर्ण इंजिनकामाला ६५,००० पर्यंत खर्च येईल. धाकटा भाऊ म्हणतो, जुनं इंजिन मिळतं, तेच बसवून टाका. वडिलांचं एकच म्हणणं आहे: "एकदा इंजिन उतरलं की गाडी संपली."

वडील पुढच्या महिन्यात पंधरा दिवस मुलीकडे नाशिकला जाणार आहेत. वाचक विचारतात, तेवढ्यात त्यांना न सांगता इंजिन उतरवून काम उरकून घ्यावं, की मिस्त्रींचं ऐकून जागच्या जागी बुश बदलावेत? शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलं आहे: "गाडी तशी निरोगी आहे. बाबा पेट्रोल-ऑइलचा हिशोब वहीत लिहितात. पूर्वी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल टाकावं लागायचं, गेल्या वर्षभरात एकदाही टाकावं लागलेलं नाही."

उत्तर:

शेवटचं वाक्य तुम्ही गाडीच्या कौतुकाने लिहिलं आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणारं जुनं इंजिन एके दिवशी आपणहून खायचं थांबत नाही. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा परत नव्या होत नाहीत. ऑइल जळतंय आणि तरीही डिपस्टिकवरची पातळी उतरत नाही, म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, दुसरं काहीतरी येऊन भर घालतंय. पाणी असतं तर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं असतं आणि ते तुमच्या मिस्त्रींच्या नजरेतून सुटलं नसतं. मग उरतं पेट्रोल.

तुमच्या गाडीचा पेट्रोल पंप, ज्याला सगळे एसी पंप म्हणतात, इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच त्याचा लिव्हर हलवतो. उन्हाळ्यात घाटात गाडी अडली की लोक ज्याच्यावर ओलं फडकं टाकायचे, तोच हा पंप. त्याच्या आत एक लवचिक पडदा असतो. तो चिरला की पेट्रोल थोडं थोडं खाली चेंबरमध्ये झिरपतं. गाडी चालूच राहते, फक्त अ‍ॅव्हरेज जरा पडतं. पण ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइल तापलं की कुठल्याच बेअरिंगमध्ये टिकत नाही. आयडलला लाल दिवा लुकलुकायला एवढं पुरेसं आहे.

म्हणून उद्या सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक बाहेर काढा. वास घ्या. ऑइल दोन बोटांत चोळून पाहा. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर असली, तर गाडी सुरू करू नका. चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठलेली असणं धोक्याचं आहे, त्यामुळे जवळपास काडी, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. मग पंपाचा पडदा बदलायचा किंवा पंपच नवा घालायचा, ऑइल आणि फिल्टर बदलायचे आणि मग पुन्हा दिवा पाहायचा. हे सुटे भाग नाना पेठेत विचारलेत तर मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि कॅम बुशांच्या तुलनेत हे काम अगदी लहान आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण खोटी आशा दाखवायची नाही. वर्षभर पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चाललं असेल, तर बुश खरोखरच झिजलेले असू शकतात. मिस्त्रींचं निदान चूकच आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांनी ते कशावरून केलं, हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं, तुम्हीही त्यांना विचारलेलं नाही. कॅम बुश झिजला तर तो सहसा आवाज करत नाही. तो फक्त ऑइलला वाट मोकळी करून देतो आणि प्रेशर पडतं. प्रेशर पडण्याची इतर कारणं अशी: ऑइल पंप झिजणं, चेंबरमधली जाळी चिकट गाळाने तुंबणं, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) अडकणं किंवा त्याची स्प्रिंग मऊ पडणं, क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) बिग-एंड किंवा मेन बेअरिंग सैल होणं. या सगळ्यांत लाल दिवा सारखाच लुकलुकतो. शिवाय दिव्याचा स्विचच खराब असू शकतो.

त्यामुळे पहिला खर्च ऑइल प्रेशर मोजणाऱ्या गेजवर करा. दिव्याच्या स्विचच्या जागी नळीचं, काट्याचं गेज लावायचं, गाडी चांगली तापेपर्यंत, निदान अर्धा तास चालवायची आणि आकडे लिहायचे. जुन्या इंजिनांसाठी वर्कशॉपमधला ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला साधारण १० पौंड (दर चौरस इंचाला) प्रेशर हवं. तापलेल्या इंजिनाला आयडलला १० ते १५ पौंड मिळत असतील आणि चालताना ४० च्या वर जात असेल, तर तुमचं इंजिन वाटतं तेवढं वाईट नाही. तसं नसेल, तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या बाजूला घुमटासारख्या नटाखाली तो असतो. नट सोडला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतात. कधी कधी एक बारीकसा कचऱ्याचा कण तिथे अडकून सगळ्या घराची झोप उडवतो. त्याच दिवशी टॅपेट कव्हर काढून आयडलला रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या लहान दांड्यांवर) ऑइल येतंय का तेही पाहा. वरचे रॉकर कोरडे असतील, तर तो कॅम बुशांकडे बोट दाखवणारा पुरावा आहे, कारण या इंजिनात रॉकरकडे जाणारं ऑइल कॅमशाफ्टच्या बेअरिंगमधूनच वर चढतं.

आणि बुशच दोषी आहेत की नाही हे इंजिन न उघडता कळण्याची एक जुनी, फार चांगली रीत आहे. चेंबर खाली घ्यायचं. एका टाकीत ऑइल भरून हवेच्या दाबाने ते ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत) सोडायचं आणि खाली आडवं होऊन बघत राहायचं. प्रत्येक बेअरिंगमधून थेंब पडतातच, पडायलाच हवेत. पण एखाद्या ठिकाणी थेंबांची धार झाली, तर झीज तिथे आहे. हे करणारी माणसं आता कमी राहिली आहेत, पण पुण्यात आहेत. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या टूलरूममधून निवृत्त होऊन लहानसं वर्कशॉप चालवणारे लोक शोधा. त्यांना असं काही विचारलं की आनंद होतो.

समजा, पंप, ऑइल, व्हॉल्व्ह सगळं नीट केलं आणि तरीही धार कॅम बुशांतूनच आली. मग तुमचा मूळ प्रश्न येतो.

तुमच्या गाडीत १४८९ सीसीचं बीएमसीच्या बी-सिरीजचं इंजिन आहे. यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नाही, ब्लॉकच्या आत, क्रँकला समांतर बसलेला असतो आणि तीन बुशांमध्ये फिरतो. स्टीलच्या पातळ कड्याला आतून व्हाइट मेटलचा थर, असे हे बुश. पुढचा सर्वांत मोठा, मधला त्याहून लहान, मागचा सर्वांत लहान, म्हणजे कॅमशाफ्ट पुढून सरळ आत-बाहेर करता यावा. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये अंतर किती हवं? एक ते दोन हजारांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण याहून जाड असतो.

बुश ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवतात आणि बसताना तो किंचित आवळला जातो. म्हणून या इंजिनात तिन्ही बुश बसवल्यावर एकाच सरळ रेषेत रीमर (भोक मापाला कोरणारं हत्यार) फिरवून ते मापाला आणावे लागतात. सगळी मेख इथे आहे. रीमर सरळ चालायचा तर पुढून आणि मागून दोन्हीकडून वाट हवी. मागची वाट गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील आणि बॅकप्लेटच्या आड आहे. म्हणजे इंजिन 'न उतरवता' मागचा बुश बदलायचा तर पुढून रेडिएटर आणि जाळी काढा, खालून चेंबर आणि ऑइल पंपाचं ड्राइव्ह काढा, बाजूने डिस्ट्रिब्युटरचं ड्राइव्ह आणि एसी पंप काढा, वरून रॉकर आणि पुश रॉड काढा, मागून गिअरबॉक्स उतरवा. एवढं सुटल्यावर इंजिन फक्त माउंटिंगवर उरतं. तिथून ते चेनकप्पीने वर घेणं हे सगळ्यात सोपं काम. ते टाळून आपण काय मिळवलं? शिवाय रीमरचा किस क्रँकवर आणि ऑइलच्या वाटांमध्ये पडणार, आणि ब्लॉक गाडीतच असेल तर तो धुऊन काढायला जागा नाही.

पुढचा बुश तेवढा वेगळा. टायमिंग चेनची ओढ सतत त्याच्यावर असते, त्यामुळे तो एकटाच आधी झिजू शकतो. थेंबांच्या चाचणीत फक्त पुढचाच वाहता निघाला, बाकी दोन आणि शाफ्टचे जर्नल (बुशात फिरणारे त्याचे गुळगुळीत भाग) मापात असले, तर इंजिन गाडीत ठेवून तो एक बदलणं हे चांगल्या माणसाच्या हातचं काम आहे. तो हातोडीने ठोकायचा नाही, लांब बोल्ट आणि वॉशर लावून खेचत बसवायचा आणि मग मापाला आणायचा. तुमचे मिस्त्री याबद्दल बोलत असतील, तर त्यांचं १४,००० चं बोलणं रास्त असू शकतं. तिन्हीबद्दल बोलत असतील, तर त्यांना शांतपणे तीन प्रश्न विचारा. मागच्या बुशापर्यंत कसं पोचणार? बसवल्यावर माप कशाने घेणार? ऑइलची भोकं जुळली हे कसं तपासणार? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मी जरा थांबतो. उमेदवारीच्या काळात मी चिंचवडला एका मशीन शॉपमध्ये होतो. तिथे एक अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सी आली होती. एका गॅरेजमध्ये इंजिन गाडीतच ठेवून बुश बदलले होते आणि आठवड्याभरात वरून टकटक सुरू झाली होती. उघडलं तर ठोकताना एक बुश जरासा फिरलेला. त्याचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकावर अर्धंच आलेलं, आणि नेमका तो रॉकरला ऑइल पोचवणारा बुश. रॉकर शाफ्ट कोरडा चालून खरवडून गेला होता. शेवटी इंजिन उतरवावंच लागलं आणि त्या टॅक्सीवाल्याने दोनदा पैसे मोजले. त्याच्या घरात ती एकच कमाई होती. तो बाकावर बसून होता, ते अजून डोळ्यांपुढे आहे. भोकातून वाकडी तार सरकवून, टॉर्च मारून बघायला पाच मिनिटं लागली असती.

आता बाबांबद्दल. "इंजिन उतरलं की गाडी संपली" हे वाक्य मी त्यांच्या पिढीच्या पुष्कळ लोकांकडून ऐकलं आहे. त्यांनी ते हवेतून आणलेलं नाही. त्या काळी इंजिन उतरलं की परत बसताना चार बोल्ट कमी लागायचे, माउंटिंगची रबरं जुनीच राहायची, चांगला पार्ट जाऊन दुसराच यायचा आणि गाडी थरथरायला लागायची. त्यांना भीती इंजिन बाहेर काढण्याची नाही. आपल्या नजरेआड कुणीतरी हात मारेल, ही ती भीती आहे. आणि तुम्ही नेमकं तेच त्यांच्या नजरेआड करायचं ठरवत आहात.

ते करू नका. पहिल्याच सिग्नलला त्यांना कळेल. चाळीस वर्षं ज्याने तो आवाज ऐकलाय, त्याला टॅपेट सेटिंग बदललेलंही कळतं. त्याहून मोठं कारण हे की, या दुरुस्तीत सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे आहे. ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. ऑइल टाकणं कोणत्या महिन्यापासून थांबलं? त्याच सुमारास अ‍ॅव्हरेज पडलं का? एसी पंपाला शेवटचा हात कधी लागला? इंजिन पूर्वी कधी बांधलं होतं, तेव्हा बुश बदलले होते का? ऑइल कुठल्या ग्रेडचं घालत आलो? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच गॅरेजला ठाऊक नाहीत. बाबा नाशिकला जायच्या आधी हे बोलणं झालं, तर तुमचे पैसे वाचतील. आणि त्यांच्या भीतीवर त्यांना काहीतरी करता येईल, नुसतं घाबरत बसावं लागणार नाही. इंजिन उतरवायचंच ठरलं, तर त्या दिवशी त्यांना खुर्ची टाकून गॅरेजमध्ये बसवा. काढलेले जुने बुश फडक्यात बांधून त्यांच्या हातात द्यायला सांगा. टॅपेट (कॅमवर टेकून पुश रॉड उचलणारे तुकडे) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत, कारण प्रत्येक टॅपेट आपल्या कॅमशी घासून बसलेला असतो. त्यांचे क्रमांक लिहायचं काम बाबांना द्या. वही ठेवणारा माणूस ते चोख करेल.

दुसऱ्या गॅरेजचे ६५,००० मात्र जसेच्या तसे मान्य करू नका. इंजिन खाली आलं म्हणजे सगळं बदललंच पाहिजे असं नाही. बोअर, क्रँक, कॅमशाफ्टचे जर्नल यांची मापं घ्यायला सांगा, ती कागदावर मागा आणि मापाबाहेर गेलेलंच काम करा. जर्नल लंबगोल झाले असतील तर नवीन बुश घालून उपयोग नाही, तिथे पैसे वाचवू नका. नवा कॅमशाफ्ट घातला तर टॅपेटही नवे.

भावाची सूचना प्रेमापोटी आहे, तरी मी तिच्या विरोधात आहे. दुसऱ्या इंजिनाचे बुश कुठल्या अवस्थेत आहेत हे ते उघडल्याशिवाय कळणार नाही, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे. वर इंजिन नंबर बदलतो, तो आरटीओत नोंदवून आरसीवर आणावा लागतो, आणि ते इंजिन कुठून आलं याची कागदपत्रं लागतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडंसं. तुमच्याकडे मारुती ८०० किंवा त्यानंतरची बहुतेक कुठलीही कार असेल, तर कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो आणि सहसा थेट अ‍ॅल्युमिनियममध्येच फिरतो. बदलायला वेगळे बुश नसतातच. तिथे इंजिन उतरवायचा प्रश्न येत नाही, हेड काढलं की झालं. पण ती जागा झिजली तर हेडच दुरुस्त करावं किंवा बदलावं लागतं. ज्या हेडमध्ये कॅमशाफ्टवर टोप्या असतात, त्या हेडसोबतच बोअर केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल करू देऊ नका, आणि कुणी "जरा घासून घट्ट करतो" म्हणालं तर गाडी परत घेऊन या.

काम कुठल्याही मार्गाने झालं, तरी पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. प्लग काढून स्टार्टर मारायचा, गेजवर प्रेशर दिसू लागलं की मगच प्लग लावून इंजिन सुरू करायचं. बुश बदलले असतील तर ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. दिवाळीपर्यंत नाही जमलं, तर यंदा स्वारगेटहून वाईची एसटी पकडा. लुकलुकत्या दिव्यावर खंबाटकी चढू नका.

डिपस्टिकचा वास कसा होता आणि तापलेल्या इंजिनाला आयडलला व दोन हजार आरपीएमला किती पौंड आले, ते मला लिहून पाठवा. वहीतल्या गेल्या दोन वर्षांच्या पानांचे फोटोही जोडा. ते बघून बुशांचं काय करायचं ते ठरवू.